वस्तीतल्या मुलांचे व्यवसाय-मार्गदर्शक व्हायचंय? नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल तोंडावर आला की आमच्या गटातल्या सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. वस्तीतल्या मुलांना कामधंद्याची वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांचा हा गट. फोन करणाऱ्यांत कोणी निवृत्त झालेलं असतं, कोणाचं वर्कशॉप असतं, कोणी दवाखान्यात टेक्निशियन असतं. सगळ्यांना आपल्या वस्तीतल्या पोरापोरींसाठी काही करायचं असतं आणि सगळ्यांच्या शंका जवळपास सारख्याच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आम्ही साधारण १५ ते २१ वयाच्या मुलामुलींबरोबर काम करतो, त्यामुळे खालचं सगळं त्याच वयाला धरून आहे.

मार्गदर्शकाने नेमकं करायचं काय?

एका मुलाला किंवा मुलीला तुमचा धंदा आतून दाखवायचा आणि त्याचे पाय कुठेतरी रोवले जाईपर्यंत त्याचा फोन उचलत राहायचं. भाषण द्यायचं नाही, शिकवणी घ्यायची नाही, आणि नोकरी लावून देण्याची जबाबदारी तर मुळीच घ्यायची नाही.

डॉक्टरच्या मुलाला दवाखाना कसा चालतो हे घरातल्या गप्पांतूनच कळत जातं. बिगारी काम करणाऱ्याच्या मुलाला बुटीबोरीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला काय चालतं, सुपरवायझर कशावर चिडतो, ठेकेदाराकडचा माणूस आणि कंपनीचा माणूस यांत फरक काय, हे सांगणारं घरात कोणी नसतं. नागपुरात एके काळी ही सोय आपोआप होत असे. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे या शहरात अशी कितीतरी घरं होती, जिथे आजा गिरणीत, बाप गिरणीत आणि पोरगा बदली कामगार म्हणून गिरणीतच. गोळीबार चौक, पाचपावलीकडच्या कोष्टी घरांत तर माग माजघरातच असायचा आणि पोरं कांड्या भरतच मोठी व्हायची. गिरण्या बंद पडल्या, बहुतेक माग थांबले. एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल आला. काम शहराबाहेर हिंगण्याला, बुटीबोरीला, मिहानच्या औद्योगिक भागात गेलं आणि घरातून दिसेनासं झालं. ते पुन्हा दिसेल एवढं करायचं, हे आपलं काम.

मी शिक्षक नाही. शिक्षणही फार नाही. चालेल का?

चालेल काय, धावेल. आमच्यातले सगळ्यात चांगले मार्गदर्शक आठवी शिकलेले आहेत आणि आयुष्यभर मोटर वाइंडिंग करत आले आहेत. पोरं त्यांना काकाजी म्हणतात. त्यांची शिकवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये एक पोरगा घरचा कूलर घेऊन आला. मोटर नुसती गुणगुणते, पंखा फिरत नाही. पोरगा येतानाच पाना घेऊन आला होता. काकाजींनी पाना बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "पिन काढली का?" बटण बंद केलं होतं, पिन बोर्डातच होती. ती काढून झाली. मग म्हणाले, "आता पंखा बोटाने ढकलून पाय." पंखा सहज फिरला. "जड लागला असता तर बुश. हलका फिरून राहिला, म्हणजे आधी कंडेन्सर पाहायचा. पण त्याच्या टोकांना हात नाही लावायचा. पिन काढली तरी त्याच्यात करंट साठून राहते."

त्या दहा मिनिटांत पोरगा तीन गोष्टी शिकला: आधी पुरवठा तोडायचा, मग लक्षण पाहायचं, मग सगळ्यात स्वस्त सुट्या भागापासून सुरुवात करायची. पदवीधर माणसाने हेच फळ्यावर सांगितलं असतं तर पोरगा जांभया देत बसला असता. नागपुरात कूलरच्या पत्र्यात करंट उतरणं ही दर उन्हाळ्यातली गोष्ट आहे, तेव्हा पिनेचा धडा त्याच्या घरच्यांच्याही उपयोगाचा.

कोणत्या क्षेत्रातली माणसं हवी आहेत?

इंजिनिअर, बँकवाले आणि स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शक भरपूर येतात. त्यांचं स्वागतच आहे, पण तुटवडा दुसरीकडे आहे. वेल्डर, सीएनसी ऑपरेटर, एसी-फ्रिज मेकॅनिक, एक्स-रे आणि लॅब टेक्निशियन, नर्स, शिवणकामातले कटिंग मास्टर, मोठ्या किचनमध्ये काम केलेले आचारी, गोडाऊनमध्ये माल आणि हिशेब सांभाळणारे, टॅलीवर बसणाऱ्या ताई. कोराडी, खापरखेडा, मौद्याच्या वीज केंद्रांत, वेकोलीत (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी), अजनीच्या रेल्वे इंजिन शेडमध्ये किंवा मेट्रोत काम केलेली माणसं या शहरात घरटी सापडतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला सांगण्यासारखं काही येतं, हेच पटत नाही.

वेळ किती द्यावा लागतो?

महिन्यातून दोन भेटी, मध्ये एखादा फोन, आणि किमान एक वर्ष. वर्षभर जमणार नसेल तर आत्ता सुरू करू नका. दोन भेटींनंतर गायब होणारी मोठी माणसं या मुलांनी पुष्कळ पाहिलेली आहेत.

भेटी शक्यतो रविवारी सकाळी ठेवा. मे महिन्यात सातला सुरू करून नऊला मोकळं करा, दहानंतर बाहेर कोणी टिकत नाही. पोळा, मारबत, गणपती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद या दिवसांत भेट ठेवली तर कोणी येणार नाही आणि येऊही नये.

पहिल्या भेटीत बोलायचं काय?

"मोठा होऊन काय बनणार?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: पोलीस, रेल्वे, नाहीतर "पाहू". मुलाला तुम्हाला खूश करायचं असतं, म्हणून तो शाळेतलं उत्तर देतो.

त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय केलं ते विचारा. घरातलं बिघडलेलं सामान कोण पाहतं? बहिणीच्या लग्नात तुझ्याकडे कोणतं काम होतं? कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही? एका मुलीने सांगितलं, की वस्तीतल्या सगळ्यांचे आधार आणि रेशनचे ऑनलाइन फॉर्म तीच भरते. तिला स्वतःला ते काम वाटतच नव्हतं. आता ती एका सेवा केंद्रात बसते आणि सोबत बीकॉम करते.

स्वतःबद्दलही सांगा, पण यशाची कहाणी नको. पहिला पगार किती होता, कोणत्या उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, कोणतं काम सोडलं आणि का सोडलं, एवढं पुरे. आणि शक्य असेल तर टेबलाच्या दोन बाजूंना बसू नका. तर्री पोह्यांच्या गाडीजवळ उभं राहिलात तर गप्पा लवकर रंगतात.

मुलगा बोलतच नाही. "काई नाही सर, बसून राहिलो" याच्या पुढे गाडी जात नाही.

हाताला काम द्या. जुना स्विचबोर्ड खोलायला, सायकल उघडायला, कापड बेतायला द्या. हात चालू लागले की तोंडही चालू लागतं. चार भेटींनंतरही काही हललं नाही, तर मार्गदर्शक बदलून पाहतो. त्यात कोणाचा अपमान नाही, एकेकाची तार जुळत नाही.

मुलाला माझ्या वर्कशॉपमध्ये किंवा कारखान्यात आणू शकतो का?

पाहायला आणा, जरूर आणा. कामाला लावणं ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे कायदा नीट समजून घ्या. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर केलेली मदत आणि बालकलाकार हे अपवाद, पण तुमचं वर्कशॉप हा त्याच्या घरचा धंदा नव्हे. १४ ते १८ या वयात खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ, कारखान्यांमधल्या धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. "जरा हात लावू दे, शिकेल" म्हणून १६ वर्षांच्या पोराला फटाक्यांच्या नाहीतर केमिकलच्या कामात घेणं हा गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो.

भेटीच्या दिवशी पायात बूट हवेत, चप्पल नको. ओढणी आणि सैल बाह्या बांधून घ्यायच्या. वेल्डिंग दाखवणार असाल तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काच हवी. एक काच फिरवत पाहायचं चालणार नाही. रात्रभर डोळे चुरचुरले की दुसऱ्या दिवशी त्याची आई तुमच्या दारात उभी. मालकाची आणि पालकांची परवानगी लेखी घ्या. आणि कारखान्यात यंत्रांपेक्षा माणसं जास्त दाखवा: दोन-तीन वर्षांपूर्वीच लागलेला एखादा ऑपरेटर गाठून त्याच्याशी पोरांना पंधरा मिनिटं एकटं बोलू द्या. तुमच्यासमोर ती पगार विचारणार नाहीत, त्याला विचारतील.

दहावी नापास आहे. त्याच्यासाठी काही उरलंय का?

पुष्कळ. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच होते, तेव्हा वर्ष वाया जाईलच असं नाही. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. शाळेत जायचंच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना आठवीवर प्रवेश आहे.

पण निकालाच्या आठवड्यात यातलं काहीच सांगू नका. घरात आधीच ज्याचा त्याचा सल्ला सुरू असतो. त्या आठवड्यात फक्त भेटून या. मूल गप्प गप्प वाटलं, जेवत नसेल, "आता काय उरलं" अशी भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा, गटाला कळवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पर्यायांचा कागद पुढच्या रविवारी काढला तरी चालतो. पुरवणीच्या फॉर्मची तारीख तेवढी डोक्यात ठेवा.

आयटीआय, डिप्लोमा, की सरळ कामाला लागू दे?

याला एकच उत्तर नाही, पण आमचा कल सांगतो. ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि घरी लवकर पैसे हवे आहेत, त्याला आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर किंवा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचा. ज्याचं गणित बरं आहे आणि घर तीन वर्षं थांबू शकतं, त्याला पॉलिटेक्निक. आयटीआय केलं म्हणजे पुढचं दार बंद होतं, हा समज खोडून काढा. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते.

सरळ कामाला लागणं वाईट नाही, पण हेल्पर म्हणून लागलेला मुलगा पाच वर्षांनीही हेल्परच राहतो, असं आम्ही फार पाहतो. तोच दहावीनंतर दोन वर्षं थांबला असता तर हातात ट्रेड असता. ज्यांनी आधीच कामात वर्षं घातली आहेत, त्यांच्यासाठी अनुभवावर आधारित प्रमाणपत्राची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. सुतार, लोहार, शिंपी, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिला वय १८ पूर्ण लागतं. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज आहे, त्यावर लाभार्थ्याला पाच टक्के व्याज पडतं. पण कर्ज हे कर्जच. अठराव्या वर्षी ते घ्यायला कोणाला उचकवू नका.

आणखी एक. आयटीआयची प्रवेशप्रक्रिया निकालानंतर लगेच ऑनलाइन सुरू होते आणि पर्यायांचा क्रम भरावा लागतो. सायबर कॅफेवाला स्वतःच्या मनाने पर्याय भरून देतो आणि इलेक्ट्रिशियनची आशा धरलेला मुलगा भलत्याच ट्रेडमध्ये जाऊन बसतो. त्या दिवशी मुलाच्या शेजारी बसणं हे तुमच्या वर्षभरातल्या कामांपैकी सगळ्यात मोलाचं.

अप्रेंटिसशिपचं काय? ठेकेदार तर म्हणतो "ट्रेनिंगवर ये", पण पैसे देत नाही.

खरी अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. तिचा लेखी करार असतो, सरकारी पोर्टलवर नोंद असते आणि विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतनाची पट्टी शिक्षणाप्रमाणे महिना ५ हजारांपासून ९ हजारांपर्यंत ठरवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते वाढतं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे मुलगा अप्रेंटिसशिप मागायला जातो तेव्हा तो उपकार मागत नसतो.

नोंद नाही, करार नाही, विद्यावेतन नाही आणि तरी बारा तास काम, तर ते ट्रेनिंग नव्हे, फुकटची मजुरी आहे. मुलाला तसं स्पष्ट सांगा. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे. तिच्यात बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीला १० हजार असं मासिक विद्यावेतन ठरलं. तेही प्रशिक्षणच आहे, मुदत संपली की संपलं. घरात "सरकारी लागला" म्हणून पेढे वाटण्याआधी हे सांगायला हवं.

मग नोकरी लावून द्यायची नाही म्हणता?

ओळख करून द्या, शब्द टाकू नका. "हा पोरगा पाहा, चाचणी घ्या, आवडला तर ठेवा" इतकंच. तुमच्या शब्दावर लागलेला मुलगा तिथे त्रास झाला तरी तोंड उघडत नाही, कारण त्याला तुमची लाज राखायची असते.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहायला शिकवा. रेल्वेत, वेकोलीत, महावितरणात "वरपर्यंत सेटिंग आहे" म्हणणारा माणूस जवळपास प्रत्येक वस्तीत फिरत असतो. भरती जाहिरातीने, अर्जाने आणि परीक्षेने होते. फी असते ती परीक्षेची, नेमणुकीची नाही. लेटरहेडवरचं जॉइनिंग लेटर व्हॉट्सअॅपवर आलं की तो कागद हातात घेऊन मुलासोबत त्या कार्यालयात जा. एक चक्कर पडेल, पण एखाद्या आईचं मंगळसूत्र वाचेल.

पगाराबद्दल मुलांना किती सांगायचं?

सगळं. जॉइनिंगला "१४ हजार" ऐकलेलं असतं आणि हातात १२ येतात, तिथेच अर्ध्या पोरांना आपण फसलो असं वाटतं आणि ती सोडून येतात. म्हणून पगाराची चिठ्ठी आधीच कागदावर मांडून दाखवा. समजा, एकूण पगार १४ हजार आणि त्यात मूळ पगार १२ हजार. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १०५ रुपये. व्यवसाय कर २०० रुपये. हातात आले १२,२५५. मुलगी असेल तर २०० रुपये वाचतात, कारण राज्यात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही.

मग कापलेल्या पैशांचं सांगा. पीएफमध्ये कंपनीही स्वतःचा वाटा घालते, आणि तो मोबाइलवर पाहता येतो. ईएसआय कार्डवर आईबापांचा इलाजही होऊ शकतो. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घ्यायचा. ठेकेदार पीएफ कापतो आणि भरत नाही, हे असं पाहिल्याशिवाय कळत नाही. शिकाऊ उमेदवारांचा पीएफ कापला जात नाही, तेव्हा तिथे गोंधळ घालू नका.

जाण्यायेण्याचा खर्चही त्याच कागदावर लिहा. लोकमान्यनगर स्टेशनपर्यंत मेट्रो आहे, हिंगणा एमआयडीसी तिथून जवळ. बुटीबोरीला राहणाऱ्या मुलाचं ठीक, पण पारडीहून बुटीबोरीला रोज जाणाऱ्याचे पैसे आणि झोप दोन्ही रस्त्यावरच संपतात. कंपनीची बस कोणत्या चौकातून किती वाजता सुटते, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे.

मुलींसाठी वेगळं काही?

हो. घरचे "मुलीला काय करायचं फिटर होऊन" म्हणतात, आणि काही मार्गदर्शकही तिला न विचारता ब्युटी पार्लरकडे वळवतात. पार्लरचं काम चांगलंच आहे, पण ते तिने निवडलेलं असावं. नागपुरात मुलींसाठी वेगळं शासकीय आयटीआय आहे आणि इतर आयटीआयमध्येही मुली इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समनसारख्या ट्रेडना जातात.

मुलीचं काम सुटतं ते बहुधा कौशल्यासाठी नाही, येण्याजाण्यासाठी. शिफ्ट किती वाजता सुटते, कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते की हायवेवर, महिलांसाठी स्वच्छतागृह चालू आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे तिच्या आईसमोर विचारा. आईला पटलं की बापाचा प्रश्न निम्मा सुटतो. शक्य असेल तिथे मुलीला बाई मार्गदर्शक द्या आणि नसेल तर भेटी गटातच घ्या.

पालकांना कसं पटवायचं?

पटवायला जाऊ नका, भेटायला जा. दाराबाहेर चप्पल काढा, चहा नाकारू नका, आणि पहिल्या वीस मिनिटांत मुलाबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगा. त्याच्याबद्दल घरी येऊन चांगलं बोलणारं बाहेरचं माणूस अनेक बापांनी पाहिलेलंच नसतं. काही घरांत पोराची रोजी हीच चूल असते. तिथे "शिकू द्या" म्हणणं सोपं असतं, चालवणं नाही. अशा वेळी कमाई आणि शिक्षण दोन्ही जमेल असा रस्ता शोधा: अप्रेंटिसशिप, सकाळच्या पाळीचं काम, मुक्त विद्यालय.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. मोमिनपुऱ्यात आणि जरीपटक्यात हिंदी, महाल भागात मराठी, आणि सगळीकडे दोन्हींची खिचडी चालते. तुम्ही जसं बोलता तसंच बोला.

मुलाने पैसे मागितले तर?

देऊ नका, उसनेही नाही. फी, बूट, पाससाठी खरीच अडचण असेल तर गटात मांडा, पैसे गटातून आणि थेट संस्थेला किंवा दुकानाला जातील. तुम्ही एकदा दिले की पुढच्या वेळी तो परत करायच्या लाजेने भेटायलाच येत नाही, आणि हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता यावर चर्चाही करत नाही.

सुरक्षिततेचे नियम कोणते?

हे सोडून बाकी सगळं लवचिक आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकट्याने भेटायचं नाही. उघड्या जागी, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. तुमच्या घरी एकटं बोलवायचं नाही, रात्री मेसेज करायचे नाहीत, गाडीवर एकट्याला दूर न्यायचं नाही. फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये गटाचा आणखी एक मोठा माणूस असतो.

मुलाने घरच्या किंवा बाहेरच्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, त्याच दिवशी गटाला सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२.

कागदपत्रांत आम्ही का पडायचं?

कारण पोरं तिथेच अडकतात. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. प्रवेश सुरू झाल्यावर सेतू केंद्रावरच्या रांगेला जुलैत अंत नसतो, म्हणून ही यादी मार्चमध्येच करून घ्या. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतं का ते पाहा. "रोशन" आणि "रोशनकुमार" या फरकापायी शिष्यवृत्ती अडकते.

मानधन मिळेल? प्रमाणपत्र?

नाही. गेल्या वर्षीचा एखादा पोरगा पहिल्या पगारातून संत्रा बर्फी आणून देतो, तेवढी खायला परवानगी आहे.

मुलगा मध्येच यायचा बंद झाला तर?

एक फोन, एक मेसेज, मग घरी एक चक्कर. कारण बहुतेक वेळा तुम्ही नसता. घर बदललेलं असतं, आजीला दवाखान्यात ठेवलेलं असतं, नाहीतर दादाबरोबर तो पुण्याला निघून गेलेला असतो. दार उघडं आहे एवढा निरोप ठेवून या. काही मुलं दीड वर्षाने स्वतःहून फोन करतात आणि "सर, ओळखलं का" म्हणतात. ओळखा.

कामाला लागला म्हणजे माझं काम संपलं ना?

उलट, तिथून खरं सुरू होतं. आमच्या पाहण्यात मुलं शिकताना कमी गळतात आणि कामाच्या पहिल्या तीन महिन्यांत जास्त. कारणं ऐकाल तर लहान वाटतील. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. डब्याला सोबत कोणी बसत नाही. आठ तास उभं राहून पाय सुजले. नाइट शिफ्टनंतर दिवसा पत्र्याच्या घरात झोप येत नाही. कोणीतरी वस्ती विचारली आणि मग वागणं बदललं.

यातल्या काही गोष्टी सहन करायच्या असतात आणि काही मुळीच करायच्या नसतात, आणि १९ वर्षांच्या पोराला दोन्हींतला फरक कळत नाही. तो तुम्हाला कळतो. सुपरवायझर कामाच्या चुकीवर ओरडला तर ऐकून घे, आईवरून बोलला तर एचआरकडे लिहून दे. पाय दुखतात ते पंधरा दिवसांत सवयीचं होतं, गार्ड नसलेल्या प्रेसवर उभं केलं तर त्याच क्षणी नाही म्हण. जातीवरून कोणी बोललं तर तारीख, वेळ, शब्द, ऐकणारं कोण होतं, हे त्याच रात्री वहीत उतरवून ठेव. पहिल्या महिन्यात दर रविवारी फोन करा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक आड एक रविवार. "काम कसं आहे" नका विचारू, "ठीक आहे" असंच उत्तर येईल. "आज डबा कोणासोबत खाल्ला?" असं विचारा.

आणि त्याने सोडायचंच ठरवलं, तर रीतसर सोडायला शिकवा: नोटीस, उरलेला पगार, अनुभवाचा दाखला, पीएफची नोंद. न सांगता घरी बसलेल्या पोराला पुढची नोकरी शोधताना मधले तीन महिने लपवावे लागतात.

आमच्या वस्तीत असा गट नाही. एकट्याने करता येईल का?

एकट्याने नको, दोघांनी करा. वरचे सुरक्षिततेचे नियम पाळायलाच दोन मोठी माणसं लागतात. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, बुद्ध विहाराच्या, मशिदीच्या किंवा मंदिराच्या कमिटीला, नाहीतर वाचनालयाला विचारून रविवारी सकाळी दोन तास जागा मिळवा. पहिल्या वर्षी तीन-चार मुलांपेक्षा जास्त घेऊ नका. सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, म्हणजे परीक्षा, दाखले, निकाल आणि प्रवेश हे चारही टप्पे तुमच्या डोळ्यांसमोरून जातील. जूनमध्ये सुरू केलंत तर मुलं भेटायच्या आधीच पर्याय भरून मोकळी झालेली असतील.